तिसऱ्या बैठकीचं इतिवृत्त

सोमवार. कांदोळी. पिएदादच्या भावाची होडी ठेवायची खोप.
पंचायतीचा हॉल मिळाला नाही.
सचिव म्हणाले, हॉल लग्नकार्यासाठी असतो.
फुलमनी म्हणाली, मग सांगा त्यांना, लग्नच आहे,
एकोणीस नवऱ्या आणि एक मॅनेजर.
हे लिहू नको म्हणाल्या सगळ्या. लिहिलं.

हजर: एकोणीस. जमलव्वाचा नातू धरला तर वीस,
तो जाळ्याच्या ढिगावर झोपला तो झोपलाच.
ग्लास अकरा. विसळायचे आणि पुढे द्यायचे.

विषय पहिला: पगार.
पिएदादने बल्ब वायरीने खाली ओढला.
उपड्या मासळीच्या क्रेटवर आम्ही चिठ्ठ्या मांडल्या,
पत्ते मांडतात तशा, आधी छातीशी धरून, मग एकदम.
मजला एकच, दुसरा. खोल्या सोळा.
चादर तीच, चौघींनी चार कोपरे धरून झटकायची.
पिएदाद कुलासो: चौदा हजार दोनशे.
मी: अकरा हजार आठशे.
फुलमनी तिर्की, ठेकेदारामार्फत: साडेनऊ.
जमलव्वा लमाणी: चिठ्ठी नाही.
रोजाचे तीनशे, चादरी निघतील त्या दिवशी.

शेजारच्या शॅकवर कुणाचा तरी वाढदिवस चालला होता.
पिएदादने आपली चिठ्ठी उचलली, घडी घातली,
उलगडली, परत ठेवली.
लाज वाटते, म्हणाली. कसली, ते सांगितलं नाही.

दुसरा विषय ठरला नव्हता. झाला.
सुरंगा, माझीच चुलत बहीण,
उभी राहून म्हणाली,
घाट्यांच्या झगड्यांत आमी कित्याक?
ही भायलीं आली म्हणून तर आमचा भाव पडला.

मी पेन थांबवलं.
सुरंगा म्हणाली, हे नको घेऊ, तोंडातून गेलं.
जमलव्वा म्हणाली, घे.
वीस वर्षं कानांनी ऐकते तो शब्द,
कागदावर कसा दिसतो ते बघू दे.
शेजारी तारीख घाल.

मग नेमनेई, स्पामधली,
तिसऱ्या बैठकीपर्यंत जी एक अक्षर बोलली नव्हती:
मला दोन आहेत. एक रस्त्यावरचा, एक गिऱ्हाइकाचा.
दोन्ही घे.
फुलमनीने तिचा सांगितला. पान भरत आलं.

तेव्हा मी, लिहिणारी, जिने मत द्यायचं नसतं,
तळाला उरलेल्या जागेत आईची करवंटी लिहिली:
भाटकाराच्या गोठ्याच्या वळचणीत खोचलेली.
चहा वरून ओतायचे, धार लांब धरून,
आणि आई ती धुऊन परत तिथेच खोचायची,
जणू जागा तिनेच निवडली होती.
त्याच वळचणीत दुसरी करवंटी सुरंगाच्या आईची.
मोठ्याने वाचलं.

सुरंगा खाली बसली.
ग्लास फिरत तिच्याकडे आला होता.
ती तो कितीतरी वेळ विसळत राहिली.
माफी मागितली का, असं कुणी पुढे विचारलं तर
नोंद: नाही.

ठराव: दोन तारखेला सकाळी नऊला
चादरींचे गठ्ठे लॉन्ड्रीच्या दारात. सोडायचे नाहीत,
सगळ्यांचा एक दर कागदावर येईपर्यंत.
पत्र कुठल्या भाषेत, यात तास गेला.
पहिली सही कुणाची, यात त्याहून जास्त,
कारण पहिली सही करणारी पहिली जाते.
मागच्या मोसमात दुर्गी गेली.
तिचा फोन अजून बंद लागतो.

जमलव्वाने ताट मागितलं.
कागदावर उपडं घातलं, कडेकडेने पेन फिरवलं,
आरसा टाकण्याआधी घागऱ्यावर फिरवते तसं.
घाला आता टाके, म्हणाली.
एकोणीस जणी, गोल. तीन लिप्या, पाच अंगठे.
माझं नाव तळाला आलं, उलटं.
शेजारी सुरंगाचं, जरा रेघेबाहेर गेलेलं,
तिचा हात शाळेपासून तसाच.
मॅनेजरला कागद फिरवत फिरवत वाचावा लागेल.

खर्च: चहा, साखर, दूध एकशे तीस. कार्बन पेपर दहा.
जमा: एकशे पंधरा.
तुटीचे पंचवीस सुरंगा देते म्हणाली.
अजून दिलेले नाहीत.